भिंतीवरचा एक

ट्रॉलीवर नावं लिहितो मी, नाटकाचे पडदे रंगवतो,
कुणाच्या पानठेल्यावर ‘आज नगद’.
औंदा ग्रामसभेनं बोलावलं.
समाजमंदिराची उत्तरेकडची भिंत चुन्यानं पोतलेली
आणि सुकेशिनी रामटेकेच्या हातात वही.
म्हणाली, आकडे मोठे काढा जी,
ब्रम्हपुरीच्या बसमधून दिसले पाहिजेत.

तहसीलचा फॉर्म आधीच येऊन गेला होता.
पक्कं घर आहे का. टीव्ही आहे का. संडास?
हो, नाही, हो. घरामागं चार मिनिटं.
फागोजी नन्नावरे उंबऱ्यात बसून म्हणाले,
“सारं इचारलं, बरा हायेस का म्हून नाई इचारलं.”
त्या एका वाक्यावरून निघालं हे सगळं.

मग तीन रात्री बोडीच्या पाळीवर भांडण,
मोजायचं काय?
पोट्टे म्हणाले, टॉवरच्या दांड्या.
मोहा वेचणाऱ्या बाया म्हणाल्या,
वाघाची भीती न बाळगता जंगलात गेलो ते दिवस.
दहावीतली एक मुलगी (नाव सांगत नाही)
कागदावर लिहून देऊन गेली:
शाळेतून येताना सायकल जोरात मारावी लागली नाही, असे दिवस.
तानाबाई मडावी उशिरा आली, उभ्यानंच बोलली,
“किती घरी सून आधी जेवते, थे मोजा.”
कोणीतरी हसलं.
सुकेशिनीनं हसणं सोडून बाकीचं लिहून घेतलं.

दोनशे चौदा घरं. नाव कोणाचंच नाही.
प्रत्येक प्रश्नाला तेलाचा एक रिकामा डबा,
चिंचोका म्हणजे हो, लाखोळीचा दाणा म्हणजे नाही.
चादरीआड हात घालायचा, टाकायचं, निघायचं.
मोजणी मात्र उघड्यावर, साऱ्यांसमोर, दोनदा;
दुसऱ्यांदा शाळेतल्या पोरांनी केली
आणि मोठ्यांची चूक काढली.

मी लिहीत गेलो.
सून आधी जेवते: घरं ९.
बोडीला चैतापर्यंत पाणी: हो म्हणणारे १८८.
आणि सगळ्यात खाली,
आठवडाभर माझ्याशी कोणी बोललं नाही: १.

मराठी एक काढायला वाटतो तितका सोपा नाही.
डोकं गोल, मग शेपूट एकटीच खाली जाते.
हात थोडा थांबला.

संध्याकाळी गाव भिंतीपुढे.
नऊबद्दल कोणी बोलेना,
सगळे त्या एकाकडे बघत.
“कोन हाय थो?”
सुकेशिनी म्हणाली, मले बी मालूम नाई,
डब्यात एकच चिंचोका होता.

त्या रात्री दुर्योधन शिंगाड्यांची पिशवी घेऊन
म्हाताऱ्या कोतवालाकडे गेला.
कौतिका चार पोळे झाले न बोललेल्या जावेच्या दारात
विळा मागायला उभी राहिली.
अंगणवाडीच्या मॅडमकडे, भाड्याच्या खोलीत, तिघी एकदम.
माझ्याकडे वासुदेव आला, चहापत्ती उसनी मागत.
त्याच्या घरी चहा पीत नाहीत.
चिंचोका माझा नव्हता.
मी सांगितलं नाही. बसवून घेतलं त्याला,
वाघाच्या, नाटकाच्या, कशाकशाच्या गोष्टी निघाल्या,
दिवा मालवायला बारा वाजले.

धान कापून झाल्यावर पुन्हा डबे मांडले.
सून आधी जेवते, नऊचे बारा.
मुलीची सायकल अजून जोरातच;
तो आकडा हलला नाही, तिथं भिंत तशीच आहे.
आणि तळाच्या डब्यात
चिंचोके अकरा.

साहेब आले, फोटो काढला, मान हलवली.
“हे तर वाढलं. घसरलं की गाव.”
फागोजी म्हणाले, “घसरलं नाई साहेब,
आता सांगून रायले.”
साहेबांच्या कागदात त्याला रकाना नव्हता.

मी शिडी लावली, डबा उघडला.
अकरातला एक या खेपेला माझा होता.
जुना एक पुसावा लागला नाही.
त्याला खेटून
तसाच दुसरा काढला.